रापीचा सांगायचा राहिलेला अर्थ

बूट शिवणाऱ्या बायकांच्या त्या खोलीत एक उंच स्टूल होतं. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती, खुद्द मुकादमाचीसुद्धा नाही, कारण ते वाचकमावशीचं होतं. सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास मावशी त्यावर बसून पुस्तक वाचायची आणि खाली बावीस जणी माना वाकवून बुटांचं वरचं कातडं शिवायच्या. काम सगळं हाताचं, आरीचं आणि मेण लावलेल्या दोऱ्याचं, त्यामुळे खोलीत आवाज असा नव्हताच. मावशीच्या वाट्याचे जोड बाकीच्या आपापसांत वाटून घेत. हे मालकाने ठरवलेलं नव्हतं, बायकांनीच ठरवलं होतं. गोष्ट रंगात आली की हात आपोआप भरभर चालतात हे मालकाच्या लक्षात आलं, आणि मग तोही शहाण्यासारखा गप्प बसला.

मावशीचं शिक्षण म्हणाल तर चौथीपर्यंत. पण आवाज असा, की भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बाईलाही वाटावं, हे मलाच सांगतेय. तिला मावशी म्हणायला सुरुवात झाली तेव्हा ती जेमतेम तिशीची होती. स्टुलावर बसलं की माणूस म्हातारं होतं, असं ती स्वतःच म्हणायची.

वाचनाचे दोन नियम होते. पहिला नियम बुटांवरून आलेला. शिवलेल्या प्रत्येक बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला जिची तिची खूण असे, आरीने टोचलेले ठिपके. कुणाचे तीन, कुणाचे पाच, कुणाचे फुलासारखे. खुणेशिवाय जोड खोलीबाहेर जात नसे, आणि दुसरीच्या कामावर आपली खूण टोचणं यासारखं पाप नव्हतं. तसं करणारीला आठवडाभर मागच्या सोल्यूशनच्या शेडमध्ये तळ चिकटवायला बसावं लागे. तर जिचं काम तिची खूण, या न्यायाने पुस्तक कुणी लिहिलं त्याचं नाव मावशीने रोज आधी घ्यायचं आणि मगच पान उघडायचं. दुसरा नियम असा, की ऐकू आलं नाही तर ओरडायचं नाही. हातातल्या अवजाराची मूठ लाकडावर एकदा ठोकायची. मावशी तेवढं वाक्य पुन्हा वाचणार.

कापण्याच्या टेबलावर बसायची तिला सगळ्या रापी म्हणत. कातडं कापायचं ते रुंद पात्याचं हत्यार हातात, आणि जीभही त्याच धारेची. तिला वाचता येत नव्हतं. कानाने आलं तेवढंच तिचं. म्हणून ती सगळ्यांत जास्त ठोकायची आणि मावशीला सगळ्यांत जास्त आवडायची. दुपारचे डबे दोघी एकत्रच उघडत. एकीने दुसरीच्या डब्याला नावं ठेवायची आणि मग तोच संपवायचा, असा त्यांचा रिवाज.

अशा त्या खोलीत एकदा एक जाडजूड फ्रेंच कादंबरी आली. म्हणजे मूळची फ्रेंच, आपल्या भाषेत केलेली. कुणाच्या तरी माळ्यावर सापडलेली, पुढची पानं फाटलेली. लेखकाचं नाव एकाच पानावर उरलं होतं आणि तेही परक्या अक्षरांत. मावशी ते पान घेऊन औषधवाल्याकडे गेली. परदेशी बाटल्यांवरची नावं वाचायची सवय असलेला तो एकटाच. त्याने चष्मा कपाळावर चढवला, बोट ठेवत अक्षरं लावली आणि सांगितलं, "सबोटियर." मावशीने घरी जाताना ते नाव रस्ताभर घोळवलं. तिला ते मोठं भारदस्त वाटलं. कडक टाचांचे बूट घालून कुणी साहेब जिना उतरतोय, असं.

दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसून तिने ते सांगितलं, "लिहिणारा सबोटियर." कापण्याच्या टेबलावरून टक् असा आवाज आला. मावशीने पुन्हा सांगितलं. पुन्हा टक्. तिसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा टक्.

"कान धुऊन ये गं," मावशी म्हणाली.

रापी उभी राहिली. "ऐकू येतंय, म्हणूनच ठोकतेय. साबोत्ये म्हणतात त्याला. शेवटचा र तोंडात येत नाही त्यांच्या."

मग मेण लावणारी कुणीतरी म्हणाली, मग तो र काय शोभेच्या बकलासारखा नुसता लावून ठेवलाय? हशा पिकला. मावशीने तेव्हा हसणाऱ्यांना गप्प केलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण बाईला स्टूल चढलं होतं. बावीस जणींसमोर एका अंगठेबहाद्दर मैत्रिणीने तिला वाचायला शिकवावं, हे तिच्या नाकाला झोंबलं. रापी लहानपणी एका फ्रेंच विधवेच्या घरी भांड्याला होती, हे डब्याच्या वेळी विश्वासाने सांगितलेलं फक्त मावशीलाच ठाऊक होतं. तेच तिने काढलं.

"आम्ही छापलेलं वाचतो. खरकटी भांडी घासताना शिकलेलं फ्रेंच इथे नको."

पुन्हा हशा. रापीला अजून काहीतरी सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं तिने. मग मिटलं, बसली आणि कातड्यावर हत्यार ठेवलं. त्या दिवशी मावशीने पूलवाल्याच्या गोष्टीची पहिली चाळीस पानं वाचली. नदीवरचा उघडझाप करणारा पूल, तो सांभाळणारा म्हातारा, त्याच्या तीन मुली. मधली बापाशी भांडून पहिल्याच प्रकरणात नावेतून निघून जाते. बायका डोळे पुसत शिवत होत्या. टेबलावरून एकदाही टक् झालं नाही.

आठवड्याभरात रापीने मुकादमाला सांगून सोल्यूशनची शेड मागून घेतली. तिथे आपण होऊन कुणी जात नसे. उग्र वास, डोळ्यांची आग, आणि तो वास बाहेर फेकायला भिंतीत बसवलेले दोन भलेमोठे पंखे. त्यांच्या घरघरीत शेजारणीचं बोलणं ऐकू यायचं नाही, तर भिंतीपलीकडच्या खोलीतलं वाचन कुठून येणार. मुकादमाने दोनदा विचारलं म्हणे, नक्की ना? रापी म्हणाली, तिथे निदान भांडी नाहीत.

त्यानंतर बावीस वर्षं. फाटकापाशी गाठ पडली की मावशी विचारायची, "निघालीस?" आणि रापी म्हणायची, "निघाले." एवढंच. मावशीला वाटायचं, उद्या बोलू. पहिल्या वर्षी वाटलं, दुसऱ्या वर्षी वाटलं, मग वाटायचंही थांबलं. मधल्या काळात मावशीचा नवरा गेला, घरात सून आली. आणि पूलवाल्याची कादंबरी खोलीने एक वर्षाआड अशी अकरा वेळा ऐकली. नव्या येणाऱ्या बायकांना ती ऐकवल्याशिवाय त्या खोलीतल्या झाल्या असं कुणी मानत नसे. "सबोटियरसाहेब" तर घरचाच झाला होता. मुकादम फार ऐटीत चालला की मागून कुणीतरी म्हणायची, आले सबोटियरसाहेब.

पुस्तकाच्या मात्र पार चिंध्या झाल्या. तेव्हा बायकांनी कामगार संघाकडे मागणी करून मोठ्या शहरातून नवी प्रत मागवली. ती आली आणि पहिला मान मावशीचा म्हणून तिच्याच हातात दिली गेली.

संध्याकाळचं ऊन खिडकीत होतं. मावशीने घरी खाटेवर बसून कोरं पुस्तक उघडलं, आधी वास घेतला, मग पहिलं पान पाहिलं. त्यावर आपल्या अक्षरांत, चांगलं ठळक छापलं होतं: साबोत्ये. खाली भाषांतर करणाऱ्याने बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की या नावातला शेवटचा र लिहितात पण बोलत नाहीत.

तिने ते पाच वेळा वाचलं. छापलेलं होतं, आणि आम्ही छापलेलं वाचतो असं तीच म्हणाली होती. मग ती उठली, डब्यातला डिंक काढला, खाकी कागदाचा तुकडा कापला आणि त्या पानावर नीट चारी कडांनी चिकटवून टाकला.

सुनेने स्वयंपाकघरातून पाहिलं. "आई, कव्हर पुस्तकाला घालतात ना? तुम्ही आतल्या पानाला घातलंत."

"फाटलं होतं," मावशी म्हणाली.

"कोरं पुस्तक?" सून एवढंच म्हणाली आणि कणीक मळत राहिली. सून चांगली होती. पुढचं विचारायची नाही, आणि त्याचाच त्रास जास्त व्हायचा.

दुसऱ्या दिवशी मावशी स्टुलावर चढली आणि म्हणाली, "लिहिणारा सबोटियर." बावीस वर्षं ती हे नाव चुकीचं घेत होती, पण खोटं आज पहिल्यांदाच घेतलं. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. फक्त तिचा घसा पहिल्याच ओळीला बसला. एकीने टक् केलं, तिने ओळ पुन्हा वाचली. पुन्हा टक् झालं. शेवटी पाणी मागून घ्यावं लागलं.

तिसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत रापीची भाची आली. ती खोकी भरण्याच्या विभागात होती. तिने सांगितलं, आत्या आठ दिवसांपासून रुग्णालयात आहे. छातीचं दुखणं. डॉक्टर म्हणतात वय झालंय, आणि शेडमधली हवा आत बसलीय ती आता निघायची नाही. दिवस थोडेच आहेत. मग ती जरा घुटमळली.

"मावशी, तिने एक विचारायला सांगितलंय. म्हणाली, त्या पूलवाल्याची मधली मुलगी निघून गेली होती ना, ती परत आली का? मला पुढचं कधी ऐकूच आलं नाही म्हणाली."

मावशीच्या हातात डब्याचं झाकण होतं. ते तिने डब्यावर ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. बावीस वर्षं एक बाई पहिली चाळीस पानं घेऊन बसली होती. एका भिंतीपलीकडे अकरा वेळा ती मुलगी घरी आली होती.

"सांगू नकोस तिला काही," मावशी भाचीला म्हणाली. "मी येते."

दुपारच्या दोन तासांचं वाचन बंद ठेवून रुग्णालयात जायचं तिने खोलीला विचारलं. बायका म्हणाल्या, यात विचारायचं काय, जोड आम्ही काढतो. मुकादमाने कुरकुर केली, वाचक बाहेर वाचायला लागली तर तिला कारखान्याची का म्हणायची. त्याला सबोटियरसाहेब म्हणून गप्प बसवण्यात आलं. सगळ्या हसल्या. मावशीला हसता आलं नाही.

वॉर्डात बारा खाटा होत्या, लोखंडी, पांढरा रंग उडालेल्या. रापी खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसली होती. आडवं पडलं की श्वास मिळत नव्हता. ती इतकी लहान झाली होती की मावशी आधी शेजारच्या खाटेकडे गेली.

"इकडे," रापी म्हणाली. "चष्मा बदल आता."

मावशी बसली. वाटेत चार वाक्यं जुळवून आणली होती, त्यांतलं एकही तोंडात येईना. तेव्हा तिने जे येत होतं ते केलं. पुस्तक मांडीवर घेतलं, खोलीत बसते तशी ताठ बसली.

"लिहिणारा साबोत्ये."

रापीने डोळे उघडले. उशीखाली चाचपून अंगठ्यात घालायचं पितळी टोपण काढलं, शिवताना घालतात ते, आणि खाटेच्या दांड्यावर ठोकलं. टक्.

"साबोत्ये," मावशी म्हणाली.

टक्.

"साबोत्ये."

आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका बघायला लागल्या. मावशीने चौथ्यांदा सांगितलं, पाचव्यांदा सांगितलं. तिला शंभर वेळा सांगायला लावलं असतं तरी तिने सांगितलं असतं. पण रापीचा हात दमला.

"येतंय की," ती म्हणाली.

"माझं चुकलं गं. नावाचं नाही म्हणत. ते भांड्यांचं बोलले ते."

"ते मी विसरले." रापी जरा श्वास घेत थांबली. "खोटं सांगतेय. एक दिवसही विसरले नाही. पण त्याहून दुसरं एक टोचत होतं. मला पुढचं सांगायचं होतं, ते तुम्ही सगळ्यांनी सांगू दिलं नाहीत."

"पुढचं काय?"

"त्याचा अर्थ."

मग तिने तुकड्यातुकड्याने सांगितलं. त्या फ्रेंच विधवेच्या मागच्या दाराशी लाकडाचे बूट ओळीने ठेवलेले असत. अखंड लाकूड आतून कोरून केलेले. बाई ते घालून बागेत माती उकरायची आणि मग ते चिखलाचे बूट धुवायचं काम दहा वर्षांच्या रापीचं. एकदा तिने विचारलं, हे असलं कोण करतं? बाई म्हणाली, आमच्या गावी एक माणूस असतो, त्याचा धंदाच तो. त्याला साबोत्ये म्हणतात. नंतर ते त्या घराण्यांचं आडनावच होऊन बसतं. रापीला तो शब्द इतका आवडला की बूट धुताना ती तो गुणगुणायची.

"लाकडी बूट करणारा," रापी म्हणाली. "कळलं का? साहेब कुठला आलाय. आपल्यातलाच तो. त्याचा बाप नाही तर आजा-पणजा आपल्यासारखाच मान मोडून बसला असणार. मला खोलीला एवढंच सांगायचं होतं. की अगं, हा तुमचाच आहे."

मावशी पुस्तकाच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवत राहिली. शेवटी रापीच म्हणाली, "वाच आता. का त्यालाही मीच पाहिजे?"

मावशीने विचारलं, मधल्या मुलीचं काय झालं ते आधीच सांगून टाकू का? रापीने मान हलवली. ते आधी कळलं तर उद्या कशासाठी थांबू, असं म्हणाली.

आठ दुपारी मावशी जात राहिली. रोज आधी नाव, मग पान. तिसऱ्या दिवसापासून शेजारच्या खाटाही ऐकू लागल्या. एक नर्स औषधाचा ट्रे घेऊन उभीच राहायची. रापी मध्ये मध्ये ठोकायची. कधी खरंच ऐकू आलेलं नसायचं, कधी एखादं वाक्य आवडलेलं असायचं. पूलवाल्यावर तिचा राग होता. माणूस बोलत का नाही, म्हणायची, पोरीला नुसतं ये म्हणाला असता तर. असं म्हणून ती मावशीकडे बघायची आणि मावशी पानाकडे.

आठव्या दुपारी रापीची नखं निळसर दिसली. मुलीचं घरी येणं अजून सत्तर पानांवर होतं. मावशीने आयुष्यात एक ओळ गाळली नव्हती. तिने पान उलटायच्या निमित्ताने सगळी सत्तर पानं एकदम उलटली आणि वाचू लागली. संध्याकाळची वेळ आहे, पूल उघडा आहे, पलीकडच्या काठावर एक बाई पेटी घेऊन उभी आहे. म्हातारा तिला ओळखतो आणि काही न बोलता पूल जोडायला लागतो. चाकाला तेल नाही, हाताला जोर नाही, म्हणून पूल जोडायला त्याला फार वेळ लागतो. ती थांबते.

"आली," रापी म्हणाली.

"आली."

"पानं गाळलीस तू."

"गाळली."

"बरं केलंस," रापी म्हणाली, आणि डोळे मिटले. टोपण तिच्या अंगठ्यातच होतं. सकाळी भाची कारखान्याच्या फाटकात उभी दिसली तेव्हा मावशीने काही विचारलं नाही.

रापीला पोचवून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी स्टुलावर चढली. पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानावरचा खाकी कागद नखाने सोलून काढला. डिंक चांगला होता. कागदाबरोबर पानाचा पापुद्राही थोडा निघाला, पण नाव राहिलं.

"लिहिणारा साबोत्ये," ती म्हणाली.

टक्. मग दुसरीकडून टक्. मग तीन-चार ठिकाणांहून. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मावशीने पुस्तक मिटलं आणि सांगितलं. रापी काय म्हणाली होती ते, आपण काय म्हणालो होतो ते, खाकी कागदाचं, आणि नवी प्रत आल्यापासून इथे रोज समजून-उमजून खोटं नाव घेतलं त्याचंही. मग नावाचा अर्थ सांगितला. आऱ्या थांबल्या होत्या. जुन्यांपैकी आता पाचच जणी उरल्या होत्या, त्या खाली बघत होत्या. बकलावरून विनोद करणारी त्यांतच होती.

"मग तिने तेव्हाच का नाही सांगितलं?" एका नव्या मुलीने विचारलं.

"सांगत होती," मावशी म्हणाली. "दुसरीच्या कामावर आपली खूण टोचली की काय करतात आपल्याकडे?"

एक म्हणाली, मावशी, तुमचं वय काय, तिथली हवा काय. मावशी तोवर खाली उतरली होती.

तो आठवडा स्टूल रिकामं राहिलं. मावशी शेडमध्ये रापीच्या जागी बसली. कुणी तिला बसवलं नव्हतं. ब्रशने सोल्यूशन लावायचं, फुंकर घालायची, तळ दाबून धरायचा. पहिल्या तासातच डोळ्यांना धारा लागल्या, आणि त्यामुळे वेगळं रडायची सोय झाली. अधूनमधून ती कान लावायची. भिंत हाताच्या अंतरावर होती. पलीकडे बावीस जणी हसत-बोलत असणार. इकडे पंख्यांची घरघर होती, दुसरं काही म्हणजे काही नव्हतं. बावीस वर्षं किती लांब असतात हे तिला पहिल्याच दुपारी कळलं, आणि अजून सहा दुपारी उरल्या होत्या.

समोर बसणाऱ्या बाईने रापीबरोबर नऊ वर्षं काढली होती. तिने हाताने खूण करून विचारलं, मग तोंडाशी हात धरून ओरडून विचारलं, की तुम्ही तिला रुग्णालयात जाऊन वाचून दाखवायचात ते कुणाचं?

"साबोत्ये," मावशी ओरडली.

बाईला पंख्यांत काही ऐकू आलं नाही. तिने ब्रशची मूठ सोल्यूशनच्या डब्यावर ठोकली.

मावशी हातातला तळ खाली ठेवून उठली, टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ गेली आणि तिच्या कानाशी वाकून नाव पुन्हा सांगितलं. मग अर्थही सांगितला.